पोरगी एक्स-रे शिकायला निघालीय

हरसूल, ठाणापाडा, तोरंगण, वाघेरा या पट्ट्यातल्या आईबापांशी आज जरा मोकळेपणाने बोलायचं आहे. तुमच्यापैकी कुणाची मुलगी बारावी सायन्स करून नाशिकला एक्स-रेच्या कोर्सला लागली आहे, कुणाचा मुलगा जायच्या बेतात आहे. मी बरीच वर्षं एक्स-रे विभागात काम केलं आणि आता या पोरांना शिकवते. वर्ग सुरू झाले की पालक भेटायला येतात, आणि बहुतेकांचा प्रश्न दारातच येतो. ‘मॅडम, त्या किरणांनी काही होत नाही ना?’ मुलीची आई असेल तर ती जरा थांबते, आवाज खाली आणते आणि विचारते, ‘पुढं लेकराबाळांना अडचण येत नाही ना?’

काळजी रास्त आहे, आणि तिचं उत्तर मी देणारच आहे. पण त्याआधी माझा अनुभव सांगते. किरणांच्या त्रासाने शिक्षण सोडलेलं एकही पोर मी पाहिलेलं नाही. पहिल्या सहा महिन्यांत पिशवी भरून गावाकडच्या एसटीत बसलेली पोरं मात्र पाहिली आहेत, आणि त्यांतली काही हुशार होती. तुम्ही जिथे पहारा देताय तिथून चोर येत नाही. तो दुसऱ्याच दाराने येतो. त्या दाराकडे तुमचं लक्ष वळवावं म्हणून हे सारं बोलणं.

आधी किरणांचं. एक्स-रे मशीन बटण दाबल्यावर सेकंदाच्या काही भागापुरतीच किरणं सोडतं. दिवा मालवल्यावर उजेड खोलीत साठून राहत नाही, तसंच हे. भिंतीत, गादीवर, मुलीच्या कपड्यांत काही उरत नाही. ती सुट्टीला घरी येते तेव्हा किरणं बरोबर आणत नाही. एमआरआय आणि सोनोग्राफी या तपासण्यांत तर एक्स-रे वापरतच नाहीत. जमिनीतून, आभाळातून, खाण्यापिण्यातून प्रत्येक माणसाला निसर्गतःच थोडी किरणं मिळत असतात. जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट धरतात. मिलिसिव्हर्ट हे किरणांचा डोस मोजायचं माप. छातीच्या एका फोटोत पेशंटला जेवढा डोस मिळतो, तेवढा निसर्गातून काही दिवसांत कुणालाही मिळतो. आणि फोटो काढणारा तर पेशंटच्या जागी नसतोच, तो शिशाच्या आडोशामागे उभा असतो.

तुमची भीती उगाच आलेली नाही, हेही सांगते. १८९५ साली जर्मनीत राँटगेन यांना ही किरणं सापडली आणि पुढे कित्येक वर्षं डॉक्टर-तंत्रज्ञांनी कसलाही आडोसा न घेता ती वापरली. कुणाच्या हातांना न भरणाऱ्या जखमा झाल्या, कुणाची बोटं गेली, कुणाला कर्करोग झाला. आजचे नियम त्या माणसांच्या हालांतून आलेले आहेत. आपल्या देशात १९८३ साली स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, यावर लक्ष ठेवतं. किरणांजवळ काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात फार तर ३०, अशी मर्यादा आहे. शिकणारं पोर अठराच्या आतलं असेल तर त्याच्यासाठी मर्यादा वर्षाला ६. नीट चालणाऱ्या विभागात साधे एक्स-रे काढणाऱ्याचा वर्षाचा आकडा या मर्यादेच्या खूप खाली राहतो, आणि वंध्यत्व येण्याइतका डोस तर या मर्यादेच्या कित्येक पट मोठा असतो. नोकरी करणारी बाई गरोदर राहिली आणि तिने कळवलं, तर उरलेल्या दिवसांत पोटातल्या बाळाला १ मिलिसिव्हर्टच्या वर डोस जाणार नाही असंच काम तिला द्यावं लागतं. तेव्हा सोयरीक जुळवताना कुणी नाक मुरडलं तर एवढं त्यांना ठणकावून सांगा.

नियम कागदावर असून भागत नाही, ते पाळले जातात का ते बघावं लागतं, आणि तिथे तुम्ही उपयोगी पडू शकता. फोनवर ‘जेवलीस का’ विचारता तसं अधूनमधून आणखी तीन गोष्टी विचारा.

पहिली, बॅज मिळाला का? टीएलडी बॅज म्हणजे शर्टाला लावायची छोटी डबी. तिच्यातल्या चकत्या पडलेली किरणं धरून ठेवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्या की त्याच्या हिशेबाने उजेड देतात, त्यावरून डोस कळतो. बॅज दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. तो शिशाच्या एप्रनच्या आत, छातीवर लावायचा, खुंटीवर टांगून ठेवायचा नाही आणि मैत्रिणीला उसना द्यायचा नाही.

दुसरी, शिशाचा एप्रन घालतेस का? तो जड असतो, उन्हाळ्यात नकोसा होतो, म्हणून पोरं टाळतात. काढल्यावर तो टांगायचा असतो. घडी घातली की आतल्या शिशाला चिरा पडतात, आणि त्या बाहेरून दिसत नाहीत.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. पेशंट धरायला तुलाच उभं करतात का? लहान लेकरू हलतं, म्हातारं माणूस उभं राहत नाही, तेव्हा कुणीतरी धरावं लागतं. ते नातेवाइकाने एप्रन घालून करायचं असतं. रोज शिकाऊ पोरालाच धरायला लावत असतील तर ते चूक आहे. पोरं शिक्षकांसमोर याबद्दल बोलत नाहीत, तुमच्यापाशी बोलतील. तसं काही कळलं तर कॉलेजात जाऊन शांतपणे विचारा. विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आता शिक्षणाचं. गावात लोक म्हणतात, ‘फोटो काढायचा, त्यात तीन-चार वर्षं काय शिकायचं?’ छातीचा साधा फोटो घ्या. पेशंटची छाती पाटीला टेकवून उभं करायचं, मशीन सहा फूट मागे. हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे ढकललेले, म्हणजे खांद्याची फरी फुप्फुसावर येत नाही. माळ, मंगळसूत्र, ताईत काढून ठेवायचे, वेणी वर बांधायची, कारण वेणीची सावलीसुद्धा डॉक्टरांना फुप्फुसातल्या आजारासारखी दिसू शकते. डावी-उजवी बाजू दाखवणारी खूण लावायची. मग दम भरून घ्यायला आणि धरून ठेवायला सांगायचं, आणि त्याच क्षणी बटण. दम अर्धाच घेतला तर हृदय मोठं दिसतं आणि फुप्फुसाचा खालचा भाग झाकला जातो. पेशंट हलला तर फोटो पुसट येतो आणि पुन्हा काढावा लागतो, म्हणजे त्या माणसाला डोस दुप्पट. खोकल्याने बेजार झालेल्या माणसाचा क्षय वेळेवर सापडतो की राहून जातो, हे बऱ्याचदा या दोन मिनिटांवर ठरतं.

या दोन मिनिटांत तुमचं पोर शहरातल्या पोरांना भारी पडतं. नाशिकच्या दवाखान्यांत पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबक या बाजूचे पेशंट सतत येतात. साठीची आजी लेकाचा हात धरून येते. अंधारी खोली, गार पाटी, डोक्यावर मोठं यंत्र, आणि कुणीतरी घाईघाईत म्हणतं, ‘दीर्घ श्वास घ्या आणि रोखा.’ आजी घाबरून श्वास सोडते. तिथे आपली पोरगी जाते, घरच्या बोलीत दोन शब्द बोलते, गाव विचारते आणि सांगते, ‘आजी, दम भर, आता धर.’ फोटो पहिल्याच वेळी नीट येतो. गळ्यातलं मंगळसूत्र काढायला सांगताना बाईला अपमान वाटणार नाही असं कसं बोलायचं, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. शहरात गेल्यावर बोलीवरून चिडवणारे भेटतात आणि पोरं तोंड मिटून घेतात. तुम्ही मात्र तिला सांगा, की ही बोली तिच्या कामाचं हत्यार आहे.

शिक्षण सुरू झालं की गावाकडून दोन मागण्या येतील, आणि त्यांतून लेकराला वाचवणं तुमच्या हातात आहे. पहिली म्हणजे, कुणीतरी मोबाइलवर एक्स-रेचा फोटो धाडून म्हणेल, ‘बघून सांग काय झालंय.’ फोटो काढणं हे टेक्निशियनचं काम, त्यावरून आजार सांगणं डॉक्टरांचं. पोरीने अंदाजाने ‘काही नाही’ म्हटलं आणि माणूस घरी बसला, तर त्याचा जीव जाऊ शकतो. नातेवाइकांना तुम्हीच सांगा, आमच्या पोरीला असलं विचारू नका. दुसरी मागणी कुजबुजत येते, पोटात मुलगा आहे की मुलगी. गर्भाचं लिंग तपासणं आणि सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्याला तुरुंगवास आहे, आणि सोनोग्राफी करणं हे टेक्निशियनचं कामच नाही. असं विचारणारा सख्खा भाऊ असला तरी त्याला दारातूनच परत पाठवा.

मुलींच्या पालकांना आणखी एक घोर असतो, रात्रपाळी आणि यंत्राचं काम. मुलीने मशीन चालवायचं म्हणजे काय, असं अजून कुणी कुणी विचारतं. पहिल्या महायुद्धात मेरी क्युरी यांनी मोटारीत एक्स-रे यंत्रं बसवून ती जखमी सैनिकांपर्यंत नेली. युद्ध सुरू झालं तेव्हा त्यांची मुलगी इरेन सोळा वर्षांची होती. पुढे तीही आईबरोबर आघाडीवर एक्स-रे काढू लागली, आणि मायलेकींनी सुमारे दीडशे बायकांना हे काम शिकवलं. हे काम बायकांचं आहे की नाही, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे. त्या मायलेकींपाशी मात्र बॅज नव्हता, धड आडोसा नव्हता, आणि दोघींनी त्याची किंमत मोजली. म्हणून मघाचे तीन प्रश्न विसरू नका. रात्रपाळीचं म्हणाल तर, जायची-यायची सोय काय आणि सोबत वरिष्ठ कोण असतं, हे कॉलेजात सरळ विचारा. चांगली संस्था या प्रश्नाला वैतागत नाही.

ज्याबद्दल पालक विचारतच नाहीत अशीही एक गोष्ट आहे. अठरा-एकोणीस वर्षांचं तुमचं पोर अपघात विभागात उभं राहतं. मोटरसायकलवरून पडलेला पोरगा, जळालेली बाई, झाडावरून पडून कंबर मोडलेला बाप. कधी फोटो काढून होतो आणि तासाभराने कळतं की माणूस गेला. त्या दिवशी पोर फोनवर गप्प असतं, ‘काही नाही, झोप आलीय’ म्हणतं. लगेच ‘अभ्यास होत नाही का?’ म्हणून मागे लागू नका. ‘आज काय पाहिलंस?’ एवढं विचारा आणि ऐकत राहा. उपाय सुचवायची गरज नाही. गावातली मरणं तुम्ही जवळून पाहिली आहेत, खांदा दिला आहे. तुमचं नुसतं ऐकून घेणंसुद्धा त्याला पुरतं.

ज्यांच्या पोरांचा प्रवेश अजून व्हायचा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. ‘सहा महिन्यांत एक्स-रे टेक्निशियन, नोकरीची हमी’ अशी पाटी दिसली की तिथे पैसे भरू नका. २०२१ साली केंद्राने या व्यवसायांसाठी कायदा केला, त्याप्रमाणे डिप्लोमासुद्धा किमान दोन वर्षांचा आणि किमान २,००० तासांचा हवा. पदवी साधारण तीन वर्षांची, वर एक वर्षाची इंटर्नशिप. १९९८ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशिकला, म्हसरूळला आहे. संस्था त्या विद्यापीठाशी किंवा दुसऱ्या सरकारमान्य विद्यापीठाशी, मंडळाशी जोडलेली आहे का, ते प्रवेशाआधी तिथे जाऊन विचारा. दुसरा प्रश्न विचारा, प्रॅक्टिकल कुठल्या दवाखान्यात होतं आणि तिथे रोज किती पेशंट येतात? जिथे पेशंट नाहीत तिथे एक्स-रे शिकता येत नाही.

नोकरीबद्दलही खोटी आशा लावत नाही. खाजगी दवाखान्यात सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, सरकारी जागा परीक्षेने भरतात आणि त्यांची वाट पाहावी लागते, मधल्या काळात कंत्राटी काम मिळतं. पण जो सीटी स्कॅन, एमआरआय, कॅथ लॅब शिकत जातो तो बसून राहत नाही. शिवाय आता हातात धरून नेता येईल एवढं छोटं एक्स-रे यंत्र क्षयाच्या शोधमोहिमांत वापरतात, ते पाड्यावर जाऊ शकतं. तिथे आपली माणसं ओळखणारा तंत्रज्ञ लागणार आहे.

आता येऊ पहिल्या सहा महिन्यांकडे. पोरं माघारी फिरतात ती तीन कारणांनी, इंग्रजी, पैसा आणि एकटेपणा. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि तिन्हींत तुमचा वाटा आहे.

इंग्रजी आधी. आश्रमशाळेत मराठीतून शिकलेलं पोर पहिल्याच आठवड्यात ह्युमरस, रेडिअस, अल्ना, टिबिया, फिब्युला ऐकतं. शरीरात २०६ हाडं, प्रत्येकाचं इंग्रजी नाव, प्रत्येकाच्या कडेकोपऱ्याला आणखी नावं, वर फिजिक्स, आणि परीक्षा इंग्रजीतून. त्याला वाटतं, आपण मूर्ख आहोत. तसं नसतं. ही नावं शहरातल्या इंग्रजी शाळेच्या पोरांनाही नवीच असतात, त्यांना ती म्हणायला सोपी जातात एवढंच. हाड हातात घेऊन, स्वतःच्या अंगावर बोट ठेवून नाव घोकलं की चार-पाच महिन्यांत ती तोंडात बसतात. तुम्हाला इंग्रजी येत नाही म्हणून संकोचू नका. सुट्टीत लेकीला म्हणा, ‘माझ्या हातावर दाखव, कुठलं हाड काय.’ तुम्हाला समजावता समजावता तिचा पाठ पक्का होईल.

पैशाचं असं, की फीची सवलत, शिष्यवृत्ती, आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह, आणि वसतिगृहात जागा नाही मिळाली तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ही सगळी दारं उघडी आहेत. पण त्यांतून जाताना कागद लागतात. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, आधार जोडलेलं बँक खातं. यांत वैधतेला सगळ्यांत वेळ लागतो, म्हणून अकरावीतच अर्ज करा. आज्याच्या, पणज्याच्या शाळेतली किंवा महसुली दप्तरातली ६ सप्टेंबर १९५० च्या आधीची नोंद शोधा. भाऊबंदांत कुणाला वैधता मिळाली असेल तर तिची प्रत घेऊन ठेवा. आणि योजनेचे पैसे खात्यात यायला उशीर होऊ शकतो हे धरूनच चाला. पहिल्या दोन-तीन महिन्यांची खोलीभाड्याची आणि जेवणाची तजवीज वेगळी करून ठेवा. द्राक्षाच्या, टमाट्याच्या मजुरीतून ती करणं किती कठीण आहे हे मी जाणते. पण मला दिसलेली पोरं फी नसल्यामुळे कमी आणि तिसऱ्या महिन्यात मेसचे पैसे थकल्यामुळे जास्त परतली आहेत. लाजेने ती कुणाला सांगत नाहीत. पैसे संपले तर मला किंवा वर्गशिक्षकांना सांग, असं तिला आधीच बजावून ठेवा. रस्ता बहुतेक वेळा निघतो.

तिसरा एकटेपणा. यात नकळत तुमच्याकडूनच भर पडते. आवणीला हात कमी पडतात म्हणून बोलावता, मग होळीला, मग बोहाड्याला, मग कुणाच्या लग्नाला. वाघेरा घाट ओलांडून आलेलं पोर दोन दिवसांचे चार दिवस करतं. तेवढ्यात दवाखान्यातल्या पोस्टिंगची हजेरी जाते, वर्गातली सोबत तुटते, आणि परतल्यावर ते आणखी एकटं पडतं. होळीला नक्की बोलवा. आवणीला मात्र यंदा सावड करा, शेजाऱ्यांचे हात घ्या, त्यांची आवणी तुम्ही करून द्या. आणि वरच्या वर्गात आपल्या भागातलं कोण शिकतंय ते हुडकून दोघांची गाठ घालून द्या. आपल्या वाटेने आधी गेलेलं एक माणूस भेटलं की निम्मी भीती जाते.

तर त्या सहा महिन्यांत कधीतरी रात्री फोन येईल, ‘बाबा, मला नाही जमत.’ त्या रात्री ‘ये परत’ म्हणू नका, आणि ‘एवढे पैसे घातले, गुमान शिक’ असंही म्हणू नका. विचारा, इंग्रजी अडतंय, पैसे संपलेत, की सोबत नाही? तिने तिन्हींपैकी एकाचं नाव घेतलं की काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे. आणि तिन्ही नसतील, या कामात तिचं मनच लागत नसेल, तर तेही ऐकून घ्या, पण पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मगच ठरवू, असं तिला सांगा.